अर्धं जग जिंकलं, आता गेममध्ये करायचं काय?

प्रश्न: युरोपा युनिव्हर्सालिस 4 या राज्य वाढवायच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये ऑटोमन (तुर्की) साम्राज्य घेऊन खेळतोय. 1444 ला सुरुवात केली आणि 1650 येईपर्यंत समोर टिकेल असं कुणी उरलंच नाही. गेम 1821 पर्यंत चालतो पण पुढे खेळवतच नाही, मग नवीन कॅम्पेन, म्हणजे पहिल्यापासून नवा डाव, सुरू करतो आणि परत तेच. आजवर एकही कॅम्पेन पूर्ण झालेलं नाही, काय करू?

उत्तर: आधी एक सांगतो, यात तुमचं काही चुकत नाहीये. सुरुवातीला एक लढाई हरली की राज्य जाणार असतं म्हणून प्रत्येक क्लिकला जीव असतो, 1650 ला मात्र निकाल ठरलेला आणि क्लिक तिप्पट, हा किल्ला वेढा, तो बंडखोर मोडा, परत पुढचा किल्ला. बरेच जण यावर एआयला, म्हणजे कॉम्प्युटर खेळवतो त्या देशांना, बोनस देऊन डिफिकल्टी वाढवतात, मला ते पटत नाही, त्याने शत्रूचं सैन्य वाढतं पण प्रश्न तोच राहतो.

डेव्हलपरनीही यावर डोकं चालवलंय. टोटल वॉर शोगुन 2 मध्ये तुमची कीर्ती एका हद्दीबाहेर गेली की ‘रेल्म डिव्हाइड’ (राज्यात फूट) होतं आणि जवळजवळ सगळा जपान तुमच्यावर उलटतो, थरार जबरदस्त, पण तीस वर्षं सांभाळलेला मित्रसुद्धा उलटतो ते फार खटकतं कारण मग आधीच्या मैत्रीला अर्थ काय राहिला? सिव्हिलायझेशन 7 ने (2025) खेळ तीन युगांत तोडला, युग बदललं की बरंच काही नव्याने मांडायचं. मला सगळ्यात आवडतं क्रुसेडर किंग्स 3 चं, तिथे सुरुवातीच्या वारसाहक्काच्या कायद्यांत राजा मेला की जमीन मुलांमध्ये वाटली जाते, म्हणजे शत्रू बाहेरचा नाही, घरातलाच. इतिहासातही तेच झालंय ना, इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर गेला आणि साम्राज्य त्याच्याच सेनापतींनी आपसात लढून वाटून घेतलं.

म्हणून तुमच्यासाठी माझा उपाय असा, ऑटोमन सोडा पण कॅम्पेन सोडू नका. गेममध्ये आपल्या राज्यातून एखादा जुना देश वासल (मांडलिक) म्हणून मोकळा करून स्वतः तो देश खेळायला घेता येतो. सर्बिया घ्या. आता तुम्ही दोन-चार प्रांतांचे मालक आणि डोक्यावर तुम्हीच दोनशे वर्षं खपून उभं केलेलं ऑटोमन साम्राज्य, एआयच्या हातात. त्याचे किल्ले कुठे आहेत, कुठल्या प्रांतात असंतोष आहे, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. लिबर्टी डिझायर, म्हणजे मांडलिकाची स्वातंत्र्याची ओढ, 50 टक्क्यांवर न्यायचं, ऑटोमनचे शत्रू गाठून ते स्वातंत्र्याला पाठिंबा देतात का बघायचं, आणि सुलतान कुठेतरी लांबच्या युद्धात अडकेपर्यंत वाट बघायची, ही वाट बघणं फार भारी असतं, मी पहिल्यांदा केलं तेव्हा नकाशावर त्यांची एकेक तुकडी पूर्वेकडे जाताना मोजत बसलो होतो.

आयर्नमॅन (जुन्या सेव्हवर परत जाऊ न देणारा मोड) चालू नसेल तर देश मोकळा करायच्या आधी सेव्हची एक कॉपी वेगळ्या नावाने ठेवा, पहिलं स्वातंत्र्ययुद्ध बहुतेक हराल.