व्हीजीए प्रोजेक्टर, एचडीएमआय लॅपटॉप आणि ‘नो सिग्नल’

सर, छतावरच्या प्रोजेक्टरची व्हीजीए केबल भिंतीतून टेबलापर्यंत आलेली आहे, नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय व यूएसबी-सी आहे, आणि एका टोकाला एचडीएमआय तर दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली स्वस्त केबल मागवून जोडली तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते, असे आपण लिहिले आहे. प्रोजेक्टर बिघडला असेल असे मला वाटत नाही. व्हीजीए हे १९८७ सालचे अ‍ॅनालॉग तंत्र आहे आणि एचडीएमआय डिजिटल आहे. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायला आत चिप असावी लागते. नुसत्या तारा जोडलेल्या केबलीत ती नसते, तरी अशा केबली सर्रास विकल्या जातात.

दुकानात ‘एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर’ मागा आणि दिशा तपासूनच घ्या, कारण ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ ही दिसायला तशीच पण उलट काम करणारी वस्तू आहे. कन्व्हर्टर लॅपटॉपच्या बाजूला लावून त्यात भिंतीतली केबल खोचायची. चिपला लागणारी वीज एचडीएमआय पोर्टमधूनच मिळते, पण काही लॅपटॉपांवर ती अपुरी पडून चित्र येते-जाते. म्हणून यूएसबीने वेगळी वीज देता येईल असा कन्व्हर्टर घ्यावा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, तेव्हा त्याला ३.५ मिमीचे ऑडिओ जॅकही असू द्या.

जोडल्यावर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा, आणि प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले मूळ रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या), उदाहरणार्थ १०२४ × ७६८, लॅपटॉपवर ठेवा; नाहीतर अक्षरे पुसट दिसतात. चित्र पिवळट दिसले तर निळ्या रंगाची तार किंवा पिन गेली असे समजावे. प्लग काढून तीन ओळींतल्या पिना उजेडात पाहा. एखादी वाकलेली असेल तर चिमट्याने अलगद सरळ होते. मधल्या ओळीतली नववी पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून केबल फेकू नका. आणखी एक गोष्ट: कॉपी-संरक्षण असलेले चित्रपट या मार्गाने बहुधा दिसणार नाहीत, बाकी धडे आणि स्लाइड व्यवस्थित चालतील.

दुसऱ्या वर्गातल्या टीव्हीसाठी यूएसबी-सी वापरायचे म्हणता, पण आकार तोच असला तरी प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. पोर्टाजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची कडाडत्या विजेसारखी खूण आहे का ते पाहा. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल या कामाला सहसा चालत नाही. टीव्ही टेबलाजवळ असेल तर साधी एचडीएमआय केबल सगळ्यात बिनत्रासाची.

पुढे भिंतीतली केबल बदलायची वेळ आली आणि अंतर दहा-पंधरा मीटर असेल, तर साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलीवर भरवसा ठेवू नका. ऑप्टिकल, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाशतंतूंतून सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल घ्या. तिची ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ ही टोके ठरलेली असतात, ती भिंतीत घालण्याआधी जमिनीवर जोडून चालवून बघा, आणि केबल ओढताना इलेक्ट्रिशियनला त्याच पाइपमधून एक जादा दोरी टाकून ठेवायला सांगा, म्हणजे पुढची केबल तिने ओढता येईल.