चेंबर एवढंसं, मग कागदं एवढी का? (आणि पीएलएम घ्यावं का)

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की कंपनीला एका अ‍ॅक्सिलरेटर (कणांचा झोत, म्हणजे बीम, वेगाने पळवणारं यंत्र) प्रोजेक्टच्या व्हॅक्युम चेंबरचं काम मिळालंय, मॉडेल सॉलिडवर्क्समध्ये आहे, रिव्हिजन एक्सेलमध्ये टिपता, आणि लॅबवाले दर चेंबरला वेगळा नंबर नि वेगळी फाइल मागतायत, तर हा फापटपसारा कशाला, आणि साहेब म्हणतायत तसं पीएलएम (ड्रॉइंग, रिव्हिजन, नग सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नको, निदान आत्ता नको. पहिल्याला जरा वेळ लागेल.

एलएचसीचंच बघ, म्हणजे सर्न या लॅबचं मोठं यंत्र. जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किमीचा बोगदा, त्यात बीम वळवणारे मुख्य डायपोल मॅग्नेट 1232, एकेक 15 मीटर लांब नि वजन 30 टनांच्या वर. ड्रॉइंगवर बघशील तर सगळे भाऊ भाऊ. पण ते बनले तीन वेगळ्या कंपन्यांत, आणि प्रत्येकाचं चुंबकीय क्षेत्र मोजलं की थोडा थोडा फरक निघणारच. मग मोजमापं समोर ठेवून ठरवायचे की कुठला मॅग्नेट कुठल्या जागी बसवला तर एकाचं उणं दुसऱ्याने भरून निघेल. म्हणजे जागा वेगळी, वस्तू वेगळी, आणि दोघांना आपापला नंबर. सातबारा डोळ्यासमोर आण ना, गट नंबर जिथल्या तिथे राहतो, मालक बदलतो, आणि बदलला की फेरफार नोंद होते. जागेचा नंबर बीमच्या गणितातून येतो (मॅडएक्स वगैरे जे फिजिक्सवाले वापरतात), थ्रीडी मॉडेल त्या जागेत काय मावतं ते दाखवतं, आणि प्रत्यक्षात कुठला नग तिथे बसलाय ते तिसरीकडे लिहिलेलं असतं. सर्नमध्ये ड्रॉइंग आणि कागदपत्रं ईडीएमएस नावाच्या सिस्टिममध्ये, आणि प्रत्येक नगाची जन्मकुंडली एमटीएफमध्ये, म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग अँड टेस्ट फोल्डर. तुझी लॅब मागतेय ती ही कुंडली, फक्त ते तसं नीट समजावून सांगत नाहीत.

हे नुसते कागदी घोडे वाटत असतील तर 2008 आठव. 19 सप्टेंबरला दोन मॅग्नेटमधला एक विजेचा जोड खराब निघाला, हेलियम सुटलं, आणि बोगद्याच्या त्या भागातून (सेक्टर 3-4) 53 मॅग्नेट बाहेर काढावे लागले. त्यातले 16 दुरुस्त करून परत गेले, 37 जागी स्पेअर बसले. जागा त्याच, नग दुसरे. आता हे सगळं जर ‘मॅग्नेट नंबर अमुक’ एवढ्या एकाच नावाने लिहिलेलं असतं, तर जुन्या नगाची मोजमापं नव्याच्या खात्यात गेली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

अर्थात कागद पूर्ण आहेत म्हणून डिझाइन बरोबर असतंच असं नाही. 2007 च्या मार्चमध्ये तिथेच प्रेशर टेस्टमध्ये एका क्वाड्रुपोलचा (बीम एकवटणारा मॅग्नेट) आतला सपोर्ट तुटला होता, लांबीच्या दिशेने एकाच बाजूला येणारा जोर मूळ गणितात धरलाच नव्हता, आणि ते एकापाठोपाठ झालेल्या डिझाइन रिव्ह्यूंमधूनही निसटलं. असो, तो वेगळा विषय.

आता माझी फजिती ऐक. पूर्वी मी ज्या शॉपमध्ये होतो तिथे अशाच चेंबरचं काम होतं, ग्राहकाने पंपिंग पोर्ट 90 अंशांनी फिरवला आणि मेलने नवीन स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) पाठवली, फाइलचं नाव मात्र जुनंच. आम्ही ती सर्व्हरवर टाकली, मॉडेल बदललं, ड्रॉइंग बदललं नाही, आणि शॉप फ्लोअरवर तर प्रिंटवरच काम चालतं. लीक टेस्टला सगळे पास! असेंब्लीला एकही बसेना. चूक कोणाची यावर महिनाभर मेलामेली झाली, पण खरं सांगायचं तर त्या फाइलच्या आत रिव्हिजन कुठेच लिहिलेली नव्हती आणि आमच्याकडून कोणी विचारलंही नव्हतं. स्टेपमध्ये आकार येतो, तुझा फीचर ट्री (मॉडेल कसं बनवलं त्याच्या पायऱ्या) येत नाही, आणि टॉलरन्स, थ्रेड नि शेरे बऱ्याचदा वाटेतच गळतात. म्हणून ड्रॉइंगचा पीडीएफ आणि स्टेप दोन्हीच्या नावात एकच नंबर, एकच रिव्हिजन, आणि एक आलं दुसरं नाही तर काम सुरूच करायचं नाही.

सॉफ्टवेअर नको का म्हणालो तर ते बदलत राहतं. एलएचसीचं बरंचसं डिझाइन युक्लिड नावाच्या कॅडमध्ये झालं, पुढे कॅटिया आलं, आणि बोगदा तर त्याहून जुना, 1989 ते 2000 तिथे एलईपी हे आधीचं यंत्र चालत होतं. कॅड गेलं, नंबर राहिले. इथे बारसं आधी आणि जन्म नंतर असतो, तेव्हा पहिले लॅबची नाव द्यायची पद्धत मागून घे, स्वतःची काढू नकोस. तुझ्या एक्सेलला दोन शीट पुरेत, एक ड्रॉइंग नि रिव्हिजनचं, दुसरं नगांचं. एकाच शीटमध्ये कोंबू नकोस, बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

नगाच्या फोल्डरमध्ये मटेरियल सर्टिफिकेट, सीएमएम (मापं घेणारं मशीन) रिपोर्ट, लीक टेस्ट आणि काही चुकलं असेल तर एनसीआर, म्हणजे त्या चुकीची लेखी नोंद. एनसीआर लपवू नकोस. अर्धा मिलिमीटर कमी आहे हे लिहिलेलं असेल तर लॅब त्या नगाला चालेल अशी जागा शोधते, नसेल तर तो बोगद्यात सापडतो. हीट नंबरचं (धातू कुठल्या ओतणीतला आहे तो नंबर) तेवढं सांभाळ, तो प्लेटच्या एका टोकाला असतो आणि कटिंगवाला नेमकं तेच टोक स्क्रॅपमध्ये टाकतो, कापायच्या आधी नंबर तुकड्यावर उतरवून घे, आणि मार्करने व्हॅक्युमच्या बाजूला तर अजिबात नको.

मॉडेल देताना सगळे नटबोल्ट घालून पाठवू नकोस, त्यांच्या मोठ्या असेंब्लीत ते उघडणारही नाही. त्यांना हवा बाहेरचा आकार, फ्लँज नि सपोर्टची भोकं मात्र तंतोतंत, आणि ओरिजिन बीमच्या अक्षावर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. बीमचा अक्ष सर्व्हेवाल्याला बोगद्यात दिसत नाही, त्याला दिसतात बाहेरचे फिड्युशियल (मोजणीसाठी बसवलेल्या खुणा), तेव्हा अक्षापासून ते किती अंतरावर आहेत हे आकडे तू दिले नाहीस तर तुझा चेंबर कितीही सुबक असला तरी तो बसवणार कसा? एलएचसीत मॅग्नेटखाली जे जॅक आहेत ते भारतातून गेलेत, 7000 च्या आसपास, एका डायपोलला तीन. त्यावर मॅग्नेट मिलिमीटरच्या अंशात हलवता येतो, पण किती हलवायचा ते याच आकड्यांवरून ठरतं. त्यात बोगदा सपाट नाही, 1.4 टक्के कललेला आहे, म्हणजे स्पिरिट लेव्हल लावून काम भागत नाही.

लॅबने फिड्युशियलसाठी कुठला बॉल (त्यावर ठेवून सर्व्हेवाला मोजतो तो) सांगितलाय, दीड इंची का? ते आणि एक्सेलची हेडिंगं टाक इथे, ग्राहकाचं नाव काढून, बघून सांगतो.