हातून सुटलेला प्रत्येक चेंडू नॉक-ऑन नसतो

तुम्ही विचारलंय की रग्बीत चेंडू हातून पुढे सुटला की रेफरी कधी स्क्रम देतो (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात), कधी पेनल्टी (समोरच्यांना गोलवर किक मारायची संधी), कधी काहीच देत नाही. मग ही त्याची मर्जी की नियम? नियमच आहे, फक्त तो कॅमेऱ्याच्या कोनातून नीट दिसत नाही.

नॉक-ऑन म्हणजे चेंडू हातून पुढे सुटणं, आणि 'पुढे' म्हणजे समोरच्या संघाच्या डेड-बॉल लाइनकडे, मैदानाच्या टोकाच्या रेघेकडे. चेंडू मागे किंवा आडवा सुटला, तर दिसायला कितीही गबाळं असलं तरी खेळ चालू. शिवाय तो हाताला किंवा दंडाला लागलेला हवा. छातीवर किंवा डोक्यावर आपटून पुढे गेला तर नॉक-ऑन नाही. जमिनीला किंवा दुसऱ्या कुणाला लागायच्या आत त्याच खेळाडूने परत झेलला तरीही नाही. समोरच्याने किक मारताक्षणी हात घालून ती अडवली, तर त्याचीही सूट आहे.

चुकून झालेल्या नॉक-ऑनला स्क्रम, तोही अ‍ॅडव्हान्टेज पाहून, म्हणजे समोरच्यांना चालू खेळात फायदा मिळतोय का ते बघून. रेफरीचा हात कंबरेच्या उंचीवर आडवा दिसला की समजा, शिट्टी थांबवून ठेवलीय. स्क्रमचा अ‍ॅडव्हान्टेज लवकर संपतो, पेनल्टीचा बराच लांबतो. 'आता का नाही थांबवलं?' ही ओरड बहुतेक वेळा इथलीच.

मुद्दाम मारलेल्या चेंडूला मात्र पेनल्टी. इथे रेफरी हात बघतो: पास अडवायला एकच हात, तळवा खाली, चेंडू खाली झटकलेला, म्हणजे झेलण्याची वाजवी शक्यताच नव्हती. तळवा वर असेल आणि चेंडू खरोखर आवाक्यात असेल तर स्क्रमवर सुटतो. चांगली चढाई मोडली तर पिवळं कार्ड, 10 मिनिटं बाहेर. ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोल-लाइनपलीकडे जमिनीवर टेकवणं) बहुधा झालाच असता असं वाटलं तर पेनल्टी ट्राय, म्हणजे रेफरीने बहाल केलेला ट्राय, 7 गुण.

फॉरवर्ड पासमध्ये चेंडू कुठे पडला हे बघू नका, हातातून कुठल्या दिशेने सुटला ते बघा. वेगात धावणाऱ्याने मागे दिलेला पासही मैदानावरच्या रेघांच्या हिशेबात पुढे सरकू शकतो.

सगळ्यात अवघड म्हणजे नॉक-ऑननंतरचा ऑफसाइड. चेंडू सांडणाऱ्याच्या पुढे उभ्या असलेल्या साथीदाराने तो खेळून समोरच्यांची संधी घालवली, तर स्क्रम नाही, थेट पेनल्टी. 2015च्या विश्वचषकातली स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया उपांत्यपूर्व लढत आठवा, लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावरची. शेवटच्या क्षणांत स्कॉटलंड 34-32ने पुढे. त्यांच्याच लाइनआउटचा (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकतात तो) चेंडू लांब गेला, स्कॉटिश खेळाडूकडून नॉक-ऑन झाला आणि पुढे असलेल्या जॉन वेल्शने तो घेतला. रेफरी क्रेग जूबेरने पेनल्टी दिली, बर्नार्ड फोलीने ती साधली, ऑस्ट्रेलिया 35-34ने जिंकला. पण मधे ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सने चेंडू मुद्दाम खेळला होता, त्यामुळे वेल्श ऑनसाइड झाला होता. योग्य निर्णय ऑस्ट्रेलियाला स्क्रम, असं वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संस्थेने नंतर जाहीर केलं. अशा निर्णयासाठी टीएमओची (व्हिडिओ बघून सांगणाऱ्या पंचाची) मदत घ्यायची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती, त्यामुळे जूबेरने जे मैदानावर दिसलं त्यावरच शिट्टी वाजवली.