फील्ड कॉइलमधली काटकसर

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

मिक्सरचा कारखाना काढतो आहेस आणि 'गिऱ्हाईक फक्त भाव विचारते, मग दर्जा सांभाळायचा कसा?' असे तू विचारले आहेस. त्याला दोष देण्याआधी दुकानात त्याला काय दिसते ते पाहा. रंग, भांड्यांची संख्या, वॅटचा आकडा आणि किंमत, एवढेच त्याच्या समोर असते. म्हणून शंभर रुपयांची घासाघीस झाली की ते शंभर रुपये भांड्यांतून निघत नाहीत; ते निघतात फील्ड कॉइलमधून, म्हणजे मोटारीच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यातून, कारण तिथे कोणाचीच नजर पोचत नाही.

आपल्या धंद्यात ही काटकसर म्हणजे तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्यामुळे रोध तितकाच ठेवायचा तर तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट लागते. पण त्याच स्टॅम्पिंगच्या (मोटारीच्या पत्र्याच्या गाभ्याच्या) खाचेत तेवढी तार मावत नाही, मग बारीक तारेवर भागवले जाते आणि मोटार तापते. तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. शिवाय ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो आणि साधे सोल्डर त्याला धड धरत नाही. तारेवरच्या इनॅमलचा (इन्सुलेशनच्या लेपाचा) रंग असा असतो की कॉइल वरून तांब्याचीच वाटते. ब्लेडने खरवडल्यावर आतला पांढरा धातू दिसतो. (खाच मोठी ठेवून, खोक्यावर तसे छापून ॲल्युमिनियम वापरणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही.)

जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये हेच मांडले होते: चांगला माल कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल तर ते सरासरी भावच देते, आणि त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून तोच बाजारातून उठतो.

तरीही स्वस्ताई म्हणजे निकृष्टपणाच, असे समजू नकोस. सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्बचा भाव २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या खाली आला. तंत्र स्वस्त झाले आणि खरेदी प्रचंड होती, हे खरेच; पण बिघडलेला बल्ब तीन वर्षांपर्यंत फुकट बदलून देण्याची अटही त्याच योजनेत होती. एकटे गिऱ्हाईक अशी अट घालू शकत नाही.

तेव्हा ती अट तू स्वतःच स्वतःला घाल. वाइंडिंग (कॉइलची तार) कशाचे आहे ते खोक्यावर आणि बिलावर छाप, मोटारीची गॅरंटी वेगळी लिहून दे, आणि कार्बन ब्रश व कपलर हे झिजणारे सुटे भाग दुरुस्तीवाल्यांना सहज मिळतील अशी व्यवस्था कर. भाव मात्र लगेच वाढवू नकोस. पहिली दोन वर्षे नफा थोडा कमी धर आणि गॅरंटीत परत आलेली प्रत्येक मोटार स्वतः उघडून पाहा.