बंदर सोडलं की तांडेलाचं

बाय,
अनेक आशीर्वाद.

मंडळातल्या १४ पोरापोरींना घेऊन खोल समुद्रात गळाने मासे धरायला निघालीस, वाचून बरं वाटलं. सामानाची यादी पाहिली. गळ, दोरी, शिसं, बर्फ ठीक. स्पीकर घरी ठेव.

ओळखीतलं कुणी मासेमारीची नौका स्वस्तात देऊ करील. घेऊ नकोस. ती मासे धरायला नोंदलेली असते. माणसं न्यायला सागरी मंडळाचा वेगळा परवाना लागतो आणि किती माणसं न्यायची तो आकडाही त्यावर असतो. आकडा कमी असेल तर दोन खेपा करा.

दिवस ठरवताना रविवार बघू नकोस, तिथी बघ. १ जून ते ३१ जुलै बंदीच असते, पण नारळी पौर्णिमेला नारळ दिला म्हणून पाणी लगेच निवळत नाही. दिवाळीनंतर जा. पुनवेअवसेच्या उधाणात पाण्याला एवढी ओढ असते की शिसं लावलेली दोरीसुद्धा तिरकी वाहते, मग १४ दोऱ्यांचा गुंता सोडवण्यातच दिवस जातो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी, तेव्हा गळ सरळ तळाला बसतो. आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-संस्थेचा लाटांचा अंदाज बघ. बंदरावर ३ नंबरचा धोक्याचा बावटा चढला असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, निघू नका.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. बंदर सोडलं की मंडळाची अध्यक्ष तू नाहीस. तिथून पुढे तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, सांगेल ते.

तुझ्याएवढा असताना आम्ही नऊ जण हर्णैहून निघालो होतो. दुपारी तांडेल वायव्येकडे बघत म्हणाला, "वारा फिरतोय, परतूया." सकाळपासून आमच्या हाती दोन शिंगाळे तेवढे लागले होते. मी म्हटलं, भाडं पूर्ण दिवसाचं दिलंय. तो काही बोलला नाही, थांबला. तासाभरात लाटा वाढल्या, आणि परतताना कुणाचं तरी वाहत आलेलं तुटकं जाळं पंख्यात अडकलं. इंजिन बंद. रात्रभर नांगरावर हेलकावे खात पडलो, पहाटे दुसऱ्या नौकेने ओढून आणलं. तांडेल माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून चढण्याआधी, सगळ्यांदेखत, त्याला सांग: "तुम्ही परत म्हणालात की परत, भाडं पूर्णच मिळेल." बरेचदा भाड्यापायीच तो थांबतो; ती अडचण तूच काढून टाक.

जॅकेटं अंगावर हवीत, बाकाखाली नकोत. सगळ्यांची नावं आणि परतायची वेळ किनाऱ्यावर एकाकडे लिहून दे. वेळ टळली की त्याने तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करायचा. आत गेल्यावर मोबाइलच्या भरवशावर राहू नका, बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे ना आणि तो १६ नंबरच्या चॅनलवर चालतो ना, हे निघण्याआधी बघ.

बोट तर लागणारच, निदान चौघांना. उपाशीपोटी कुणी येऊ नये, भाकरी-चटणी खाऊन यावं. ज्याला मळमळेल त्याला मधोमध बसव, डिझेलच्या वासापासून लांब, नजर क्षितिजावर. फोनात डोकं घालणारे पहिले आडवे होतात.

गळाला पाकट किंवा शिंगाळा असा विषारी काट्याचा मासा लागला तर खलाशाला हाक मार, स्वतः काढायला जाऊ नकोस. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास हात बुडवून ठेवायचा, कळ उतरते. मग डॉक्टर. थर्मास भरून घे, चहासाठी वेगळा.

"बोटीवर बाईमाणूस कशाला?" म्हणणारा एखादा जेटीवर भेटेल. त्याला म्हणावं, तुझी मासळी बाजारात विकतं कोण? एवढंच म्हण आणि चढ, वाद घालत बसू नकोस.

हातभर पट्टी सोबत ठेव. २०२३ पासून राज्यात सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायची नाही. फोटो काढायच्या नादात ती बोटीवरच मरते, तेव्हा मोजायची ती पटकन आणि सोडायची तीही पटकन.

मोठी मिळाली तर मुंडी माझी. कालवण काकू करील.

तुझा,
काका