नागपूरच्या उन्हात फुलांचा, पण ताजा-स्पोर्टी परफ्यूम चालेल का?

सकाळी अंबाझरी तलावाकाठी धावून, अंघोळ करून थेट ऑफिस, आणि वास फुलांचा हवा पण ताजातवाना, असं तुम्ही विचारलंय. चालेल की! फक्त मोगरा-रजनीगंधा ठासून भरलेला नको. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की असले गोड, जड वास डोकं उठवतात, आणि ऑटोत शेजारी बसलेल्या बाईचंही.

तुम्हाला हवा तो प्रकार असा: सुरुवातीला लिंबू किंवा कलिंगडासारखा पाणीदार वास, मग कमळ, फ्रीजिया अशी हलकी फुलं, तळाशी थोडी कस्तुरी. पाणीदारपणा बहुतेकदा कॅलोन नावाच्या रसायनाचा. ते १९६६ मध्ये सापडलं, गाजलं मात्र १९९० नंतर. इस्से मियाकेचा 'लो दिस्से' (१९९२) आणि डेव्हिडॉफचा 'कूल वॉटर वुमन' (१९९६) याच घराण्यातले. दुसरा जास्त मोकळाढाकळा, माझं मत त्यालाच.

ओ द त्वालेत, म्हणजे परफ्यूमचा हलका प्रकार, घ्या. उन्हात लवकर उडतो, म्हणून छोटी बाटली पर्समध्ये असू द्या; गाडीच्या डिकीत नको, उष्णतेनं वास बिघडतो. घामावर मारणं तर मुळीच नको.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घ्यायला गेलात तर कागदी पट्टी हुंगून लगेच पैसे काढू नका. मनगटावर मारा, बाहेर एक चक्कर टाका. अर्ध्या तासानं जो वास उरतो तोच पुढे तुमच्यासोबत राहणार आहे.