हीटर बंद तरी बिल चालूच : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

यावेळी ब्रिटनमधल्या वाचकांचा मोर्चाच आलाय आणि सगळ्यांचा विषय एकच, गॅस-विजेचं बिल आणि कंपन्यांचा नफा. काही पत्रं इतकी तापलेली आहेत की तेवढ्यावर दोन खोल्या गरम झाल्या असत्या. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून निवडक घेतलीत.

प्रश्न : आम्ही स्लाउला राहतो. बातम्यांत सांगितलं की ऑफजेमने (गॅस-विजेच्या कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था) वर्षाच्या बिलाला १,७५५ पौंडांची कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लावलीय. आमचं चौघांचं बिल २,४०० च्या वर गेलं. म्हणजे कंपनीने कायदा मोडला ना? तक्रार कुठे करायची?

ताई, कायदा मोडलेला नाहीये, पण तुमचा गोंधळ झाला यात तुमची काहीच चूक नाही, बातम्या देणारेच हे अर्धवट सांगतात. कॅप तुमच्या बिलावर नसते, ती असते युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (वापर असो वा नसो, लागणारा ठरलेला आकार). १,७५५ हा आकडा २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरांचा, आणि तो काढलाय एक कागदावरचं घर धरून, जे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरतं आणि डायरेक्ट डेबिटने (बँक खात्यातून आपोआप) पैसे भरतं. तुम्ही चौघं, त्यात कुणी घरून काम करत असेल, घर जुनं असेल, तर २,४०० सहज होतात. दर तपासा, एकूण रकमेवर भांडून काही हाती लागणार नाही.

आणि कॅप म्हणजे भाव वाढणारच नाहीत असंही नाही हो. याचा कायदा २०१८ चा, लागू झाली जानेवारी २०१९ ला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आकडा होता १,२७७, एप्रिल २०२२ ला झाला १,९७१, ऑक्टोबर २०२२ ला ३,५४९ आणि जानेवारी २०२३ ला तर ४,२७९! त्या हिवाळ्यात सरकारने स्वतःच्या तिजोरीतून (म्हणजे आपल्याच करांतून, दुसरं काय) भर घालून सर्वसाधारण बिल २,५०० ला धरून ठेवलं म्हणून लोक वाचले. घाऊक बाजारात गॅस महागला की कॅपही वर सरकते. ती फक्त एवढंच बघते की तुम्हाला बिल पाठवणारी कंपनी ठरलेल्या खर्चावर ठरलेल्यापेक्षा जास्त मार्जिन लावत नाही ना.

प्रश्न : लेस्टर. आम्ही दोघं हिवाळ्यात तीन महिने भारतात होतो. फ्रिजसुद्धा बंद करून गेलो होतो. परत आलो तर ७९ पौंडांचं बिल! वापर शून्य. ही सरळ लूट नाही का?

काका, हा तुमचा स्टँडिंग चार्ज. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार असतो ना, तोच प्रकार, फक्त इथे तो रोजचा मोजतात. २०२५ च्या ऑक्टोबरच्या कॅपप्रमाणे विजेला रोज साधारण ५४ पेन्स आणि गॅसला ३४, म्हणजे नव्वद दिवसांचे ७९ पौंड होतात. हिशोब बरोबर आहे, पण न्याय्य आहे का, तर माझ्या मते नाही.

२०२१ मध्ये विजेचा हाच चार्ज २५ पेन्सच्या आसपास होता. मग दुप्पट कसा झाला? एक कारण म्हणजे बुडालेल्या कंपन्या. ऑफजेमने एकेकाळी कुणालाही वीज-गॅस विकायचं लायसन दिलं, स्पर्धा वाढेल म्हणून. त्यातल्या कित्येकांकडे स्वतःचं भांडवल जेमतेम, ग्राहकांनी डायरेक्ट डेबिटने आगाऊ भरलेल्या पैशांवरच दुकान चालू होतं. २०२१ च्या उत्तरार्धात गॅसचे भाव भडकले आणि काही महिन्यांत तीसएक कंपन्यांनी शटर ओढलं. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे गेले, त्यांची जमा रक्कमही सुरक्षित राहिली, छानच, पण त्याचा खर्च वाटला गेला आपल्या सगळ्यांच्या बिलांवर. ब्रिटनच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये हिशोब मांडला होता : किमान २.७ अब्ज पौंड, म्हणजे दर ग्राहकामागे ९४ पौंड. आणि यात बल्ब ही सगळ्यात मोठी बुडालेली कंपनी धरलेलीच नाही, तिचे पंधरा लाखांवर ग्राहक होते आणि ती वर्षभर सरकारी पैशाने चालवायला लागली, मग ऑक्टोपस या दुसऱ्या वीज-गॅस कंपनीला विकली. चांगल्या दिवसांत मिळालं ते मालकांचं आणि बुडाल्यावर बिल जनतेला, याला खुली स्पर्धा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

तो बोजा आता उतरलाय, तरी चार्ज काही खाली आला नाही, कारण दुसरं कारण अजून तसंच आहे. तारा, खांब, सबस्टेशन यांच्या खर्चाचा मोठा भाग ऑफजेमने युनिटच्या दरातून काढून स्टँडिंग चार्जमध्ये घातला. त्यांचं म्हणणं असं की ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांनीही तारांचा खर्च भरला पाहिजे ना. मुद्दा ठीक आहे, पण मार बसतो तो एका खोलीत ब्लँकेट घेऊन बसणाऱ्या म्हातारीला. आपल्याकडे १०० युनिटच्या आत राहिलं की दर कमी लागतो. इथे उलटं, जितकं कमी वापराल तितकं युनिट महाग पडतं.

काही कंपन्या कमी स्टँडिंग चार्जचं टॅरिफ देतात, त्यात युनिटचा दर चढा असतो. तुम्ही दरवर्षी तीन महिने जात असाल तर आकडेमोड करून बघा, पण उरलेले नऊ महिने घर गरम ठेवणार असाल तर ते अंगाशी येईल.

प्रश्न : क्रॉयडनहून लिहितोय, वय ७४. १९८६ साली सरकारने विकायला काढलेल्या ब्रिटिश गॅसचे शेअर घेतले होते, ती 'सिडला सांगा'ची जाहिरात बघून. आता नातू म्हणतो, आजोबा तुमच्यासारख्यांमुळेच आमचं बिल वाढलं, कंपन्या अब्जावधी कमावतायत. मी म्हणतो बिल पाठवणाऱ्या कंपनीला शंभरातले दोन पौंड सुटतात. घरात रोज वाद. तुम्हीच सांगा, खरं कोण बोलतंय?

आजोबा, दोघंही खरं बोलताय आणि दोघंही वेगवेगळ्या खिशांबद्दल बोलताय. आणि गंमत म्हणजे याचं उत्तर तुमच्या त्या शेअरांतच आहे.

तुम्ही १३५ पेन्सला जो शेअर घेतलात तेव्हा कंपनी एकच होती, समुद्रातला गॅस काढण्यापासून तुमच्या मीटरपर्यंत सगळं तिचं. पुढे वडिलोपार्जित जमिनीच्या व्हाव्यात तशा तिच्या वाटण्या झाल्या. १९९७ ला ती फुटली. घरोघरी गॅस विकणारा भाग झाला सेंट्रिका, ब्रिटिश गॅस हे नाव ब्रिटनमध्ये तिच्याकडे गेलं, आणि दुसरा भाग बीजी. २००० मध्ये बीजीतून पाइपलाइन वेगळ्या निघाल्या आणि २००२ मध्ये नॅशनल ग्रिडमध्ये गेल्या. उरलेली बीजी, म्हणजे विहिरी, २०१६ ला शेलने विकत घेतली. म्हणजे विक्री एकीकडे, पाइप दुसरीकडे, विहीर तिसरीकडे. आता नफा कुठे जातो ते या तिन्ही ठिकाणी बघू.

विक्री. इथे तुमचं खरं. कॅपमध्येच विकणाऱ्या कंपनीचं मार्जिन ठरवून दिलेलं असतं, आधी १.९ टक्के होतं, २०२३ च्या ऑक्टोबरपासून २.४ च्या आसपास. नातू २०२२ चा सेंट्रिकाचा ३.३ अब्ज पौंडांचा नफा दाखवत असणार, तो आकडा बरोबर आहे, पण त्यात घरोघरी विकणाऱ्या ब्रिटिश गॅसचा वाटा होता फक्त ७.२ कोटी, बाकी सगळं आलं ट्रेडिंग, गॅसची फील्डं आणि अणुवीज केंद्रांतल्या हिश्श्यातून. पण थांबा, लगेच पेढे वाटू नका. पुढच्याच वर्षी पहिल्या सहा महिन्यांत त्याच ब्रिटिश गॅसने ९६.९ कोटी पौंड कमावले, कारण आधीच्या काळात सोसलेला खर्च वसूल करायची परवानगी ऑफजेमने दिली होती. पुढच्या सहा महिन्यांत थोडा तोटा होऊन पूर्ण वर्षाचे भरले ७५.१ कोटी. तोटा झाला तर नंतर भरून मिळतो, ही सोय आपल्या पगाराला नाही बघा.

विहीर. इथे नातवाचं खरं. २०२२ मध्ये शेलने जगभरातून ३९.९ अब्ज डॉलर कमावले, नवीन काही शोध लावला म्हणून नाही तर रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि भाव आभाळाला भिडले म्हणून. यातला ब्रिटनलगतच्या नॉर्थ सीमधल्या तेल-गॅसचा भाग छोटाच, पण त्या भागावर सरकारने मे २०२२ मध्ये जादा कर बसवला, २५ टक्क्यांनी सुरू झाला, पुढे ३५, आता ३८. असा कर काही पहिल्यांदा नव्हता, १९९७ ला तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी खासगीकरण झालेल्या कंपन्यांकडून एकदाच म्हणून ५.२ अब्ज पौंड वसूल केले होते, कारण सरकारने त्या फारच स्वस्तात विकल्या हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. आणि विजेचंही ऐका. घाऊक बाजारात त्या त्या वेळी लागणारं सगळ्यात महाग केंद्र जो भाव मागेल तोच बाकीच्यांना मिळतो, आणि ब्रिटनमध्ये ते बहुतेक वेळा गॅसचं असतं. म्हणून गॅस महाग झाला की वाऱ्यावरची वीजही महाग. नव्या पवनचक्क्यांचे करार असे आहेत की ठरलेल्या भावाच्या वरचे पैसे त्यांनी परत करायचे, जुन्या योजनेतल्यांना तसं बंधन नव्हतं, त्यांची त्या काळात चांदी झाली.

आता पाइप आणि तारा. या नफ्याबद्दल तुम्ही दोघंही भांडत नाही आहात आणि माझ्या मते भांडायचं तर इथेच. इथे स्पर्धा नाही, तुमच्या रस्त्याला दुसऱ्या कंपनीची तार येणार नाही, ग्राहक पळून जायची भीती नाही. किती परतावा घ्यायचा ते ऑफजेम काही वर्षांसाठी एकदम ठरवतं, अंदाज चढा धरला गेला की पुढची काही वर्षं पैसा आपोआप येत राहतो. सिटिझन्स ॲडव्हाइस या ग्राहकांना मदत करणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं होतं की आठ वर्षांच्या एका काळात नेटवर्क कंपन्यांना ७.५ अब्ज पौंड नाहक जास्त मिळतायत. वर यांच्या मालमत्तेची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरली जाते, म्हणजे महागाईने आपली कंबर मोडते आणि त्यांच्या परताव्याचा पाया रुंदावतो. बिलावर यांचं नाव कुठे मोठ्या अक्षरात नसतं, म्हणून यांच्या ऑफिसबाहेर कुणी घोषणा देत नाही.

मालक कोण म्हणाल तर तुमच्या क्रॉयडनकडच्या तारा ज्या कंपनीच्या, ती २०१० मध्ये हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने ५.८ अब्ज पौंडांना घेतली. यॉर्कशर आणि ईशान्य इंग्लंडमधल्या तारा अमेरिकेतल्या बर्कशर हॅथवेच्या. बिलं पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी ईडीएफ तर अख्खी फ्रेंच सरकारची. म्हणजे सरकारने धंदा करू नये म्हणून विकलं आणि काही भाग गेला सरकारच्याच हातात, फक्त दुसऱ्या देशाच्या!

शेअर तुम्ही विकले नसतील तर कागद काढून बघा, सेंट्रिका, नॅशनल ग्रिड आणि शेल तिघांचेही निघतील. नातवाला डिव्हिडंडमधून काहीतरी खायला घाला.

प्रश्न : मिल्टन कीन्स, भाड्याचं घर, बाळ दहा महिन्यांचं. कंपनीने चौदा महिन्यांनी जागी होऊन एकदम ९०० पौंडांचं बिल पाठवलं आणि आता म्हणतायत भरलं नाही तर स्मार्ट मीटर इथूनच प्रीपेवर (आधी पैसे भरा, मग वापरा) टाकू. करू शकतात का?

नाही, असं बटण दाबून नाही करता येत. दूरून प्रीपेवर टाकणं हेही जबरदस्तीने मीटर बसवण्यासारखंच धरतात आणि २०२३ मधल्या प्रकरणानंतर (एजंट लोकांच्या घरात घुसून मीटर बसवत होते ते) नियम कडक झालेत. दोन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या घरात सक्तीने प्रीपे लावता येत नाही. बाळाचं त्यांना आजच्या आज लेखी कळवा, प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरलाही (जादा मदत लागणाऱ्या ग्राहकांची यादी) नाव घाला.

दुसरं, चूक कंपनीची असेल तर बारा महिन्यांपलीकडच्या वापराचे पैसे त्यांना मागता येत नाहीत, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचे कापून मागा. तुम्ही रीडिंग द्यायला टाळाटाळ केली असेल तर मात्र हे लागू नाही. उरलेल्याचे परवडतील असे हप्ते मागा, ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आठ आठवड्यांत तड लागली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र यंत्रणा) जा, फुकट असतं.

प्रश्न : गॅस-विजेचं ठीक, पण पाण्याचं बिल? कंपनी बदलायची सोयच नाही! (लंडन)

नाहीच. इंग्लंड आणि वेल्समधल्या दहा पाणी कंपन्या १९८९ मध्ये विकल्या, विकताना त्यांचं पाच अब्ज पौंडांचं कर्ज सरकारने माफ करून पाटी कोरी करून दिली. त्यातल्या तुमच्या टेम्स वॉटर कंपनीवर आज कर्जाचा डोंगर आहे आणि सांडपाणी, डिव्हिडंड वगैरे प्रकरणांत मे २०२५ मध्ये तिला १२.२७ कोटी पौंडांचा दंड ठोठावला गेला. २०२५ ते २०३० मध्ये सरासरी बिल महागाई सोडून ३६ टक्के वाढायला ऑफवॉटने (पाणी कंपन्यांची नियामक संस्था) मंजुरी दिलीय. स्कॉटलंडने पाणी विकलंच नाही, वेल्सची मुख्य कंपनी २००१ पासून भागधारकांशिवाय चालते.

तुमच्या हातात एवढंच, घरात माणसांपेक्षा बेडरूम जास्त असतील तर मीटर मागा, तो फुकट बसवतात आणि बिल बहुतेक उतरतं. मीटर असेल, सरकारी भत्ता मिळत असेल आणि तीन किंवा जास्त मुलं किंवा जास्त पाणी लागणारं आजारपण असेल तर वॉटरशुअर या सवलतीचा अर्ज भरा, त्यात बिलाला वरची मर्यादा लागते.